अव्हेंटस आवडला, बजेट तीन हजार: काय घ्यावं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी उत्तर नेमकं कशाचं देतेय ते स्पष्ट राहील. एका साखरपुड्यात कोणाच्या तरी अंगावरचा वास तुम्हाला इतका आवडला की तुम्ही जाऊन नाव विचारलंत. नाव निघालं क्रीड या महागड्या अत्तराच्या ब्रँडचा अव्हेंटस. मॉलमध्ये चौकशी केलीत तर शंभर मिलीची बाटली तीस हजारांच्या पुढे. व्हिडिओवाले एकमुखाने सांगतात की आरमाफचा क्लब द नुई इंटेन्स मॅन घ्या, ‘नव्वद टक्के तोच’ आहे. तुमचं बजेट तीन हजार. रोज डोंबिवलीहून लोकलने ऑफिसला जाता. याआधी एक ‘फर्स्ट कॉपी’ घेतलीत, तिचा वास तासाभरात उडाला आणि पैसे वाया गेले. तेव्हा हा पर्याय घ्यावा की पैसे साठवून खराच घ्यावा, टिकेल का, आणि असलं काही लावणं म्हणजे चोरीचा माल वापरणं तर नाही ना, असं तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं सुगंधाची कंपाउंड, म्हणजे तयार मिश्रणं, बनवणाऱ्या कंपनीत एव्हॅल्युएटर होते, आता ठाण्यात छोट्या ब्रँडना याच कामात सल्ला देते. परफ्युमर फॉर्म्युला लिहितो. एव्हॅल्युएटर वास घेऊन सांगतो की मागणीला धरून आहे का, कुठे खटकतोय, कुठे कमी पडतोय. ‘अमुक महागड्या सेंटसारखा हवा, पण आमच्या किमतीत बसवा’ ही मागणी तिथे रोजचीच असते, मग ती डिओसाठी असो, साबणासाठी असो की अगरबत्तीसाठी. त्यामुळे कुठल्या वासाचा कुठला भाग स्वस्तात जमतो आणि कुठला जमत नाही, हे आमच्या नाकाला पाठ झालेलं असतं.

माझं उत्तर: घ्या. पण ‘नव्वद टक्के तोच’ या कारणासाठी नको. तुम्हाला अव्हेंटसमधला जो भाग आवडलाय, तो नेमका स्वस्तात चांगला जमणारा भाग आहे, म्हणून घ्या.

आता हे कसं, ते सांगते. तुम्ही लिहिलंय की संध्याकाळची वेळ होती, हॉलमध्ये गर्दी होती आणि तो माणूस शेजारून गेला तेव्हा वास आला. म्हणजे त्याने घरून निघताना लावला असणार आणि तुमच्यापर्यंत पोचला तेव्हा दोन-तीन तास तरी उलटून गेले असणार. शिवाय तुम्ही त्याच्या मनगटाला नाक लावलेलं नाही, तुम्हाला लागला तो हवेतला दरवळ. बाटलीवर लिहिलेलं अननस, सफरचंद, बर्गमॉट (लिंबाच्या जातीचं फळ) वगैरे तोवर जवळपास उडून गेलेलं असतं. तुम्हाला आवडला तो अव्हेंटसचा शेवटचा टप्पा, ज्याला या धंद्यात ड्रायडाउन म्हणतात.

अव्हेंटस 2010 साली बाजारात आला. त्याची रचना अशी: सुरुवातीला बर्गमॉट, ब्लॅककरंट हे आंबटगोड बेरीचं फळ, सफरचंद आणि पिकलेला अननस. हा भाग फार तर वीस-पंचवीस मिनिटांचा. मग मधला टप्पा येतो, त्यात बर्च झाडाच्या सालीचा धुरकट वास, पॅचौली नावाच्या सुगंधी पानांचं तेल, मोगऱ्याच्या जातीचं फूल आणि गुलाब. शेवटी मस्क (कस्तुरी छापाचा वास), ओकमॉस (ओक झाडावर वाढणारी, दगडफुलासारखी वनस्पती), थोडा व्हॅनिला आणि अंबरग्रिस छापाचा कोरडा, खारट, उबदार वास. हा शेवटचा भाग कपड्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत राहू शकतो.

अंबरग्रिस म्हटलं की आपल्याकडे लगेच रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या बातम्या आठवतात, ‘व्हेलची उलटी जप्त’ अशा मथळ्याच्या. भारतात स्पर्म व्हेल संरक्षित असल्यामुळे ती बाळगणं आणि विकणं गुन्हा आहे. अत्तरांच्या बाटल्यांवर अंबरग्रिस लिहिलेलं असतं तेव्हा बहुतेक वेळा त्याचा अर्थ अंब्रॉक्सानसारखे प्रयोगशाळेत बनवलेले रेणू असा असतो. अंब्रॉक्सान क्लेरी सेज नावाच्या वनस्पतीतल्या स्क्लारिओलपासून बनतं. त्यावरची जुनी पेटंट कधीच संपलीत, अनेक कंपन्या ते बनवतात. पांढऱ्या मस्कचंही तसंच, ते डिटर्जंटसाठी आणि फॅब्रिक कंडिशनरसाठी टनावारी तयार होतात. म्हणून ड्रायडाउनचा सांगाडा तीस हजारांच्या बाटलीत आणि तीन हजारांच्या बाटलीत एकाच जातीच्या मालाने उभा करता येतो. दोन्हींत फरक राहतो, पण चार फुटांवरून चालत जाणाऱ्याला तो कळेलच असं नाही.

अननसाचंही तेच. अननसाचा वास खऱ्या अननसातून काढत नाहीत. अॅलिल कॅप्रोएट, अॅलिल अमाइल ग्लायकोलेट अशी रसायनं तो वास देतात आणि ती स्वस्त आहेत.

महाग कुठे पडतं, तर बर्गमॉटला आणि मधल्या टप्प्याच्या गुळगुळीतपणाला. चांगलं बर्गमॉट तेल इटलीच्या कॅलाब्रिया भागातून येतं. त्यात लिंबाचा तजेला असतो, पण सोबत चहाची, फुलांची, किंचित कडवट अशी एक खोली असते. स्वस्त फॉर्म्युल्यात हे तेल कमी करतात आणि त्याची जागा लिमोनीन, लिनॅलिल अॅसिटेट अशा गोष्टींनी भरून काढतात. तजेला येतो, खोली जाते. बर्चच्या सालीपासून काढलेल्या डांबराचंही तसंच. ते चांगलं शुद्ध केलेलं असावं लागतं, त्यातले घातक घटक काढण्याबद्दल आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेचे, म्हणजे इफ्राचे, कडक नियम आहेत. आणि ते इतकं जहाल असतं की प्रमाण थोडं चुकलं तर सगळा फॉर्म्युला जळका वास मारतो. धूर आणि फळ एकमेकांत मिसळून जाणं ही अव्हेंटसची खरी कारागिरी आहे, आणि तिला वेळ, माल आणि अनुभवी नाक तिन्ही लागतं.

आता ‘नव्वद टक्के’ या आकड्याबद्दल. हा आकडा कोणी मोजलेला नसतो. मोजायला यंत्र आहे, गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री. बाजारात आलेल्या कोणत्याही अत्तराचा थेंब त्यात सोडला की त्यातले बहुतेक रेणू आणि त्यांचं अंदाजे प्रमाण कागदावर येतं. सगळ्या कंपन्या एकमेकांचा माल असा तपासतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण यंत्र तुम्हाला यादी देतं, वास देत नाही. पॅचौलीसारख्या एका नैसर्गिक तेलात शेकड्याने घटक असतात. ते तेल इंडोनेशियातल्या कुठल्या खेपेचं, किती जुनं, कसं काढलेलं, हे आलेखावरून ओळखायला पुन्हा माणूसच लागतो. काही रेणू मोठ्या कंपन्या स्वतःकडेच ठेवतात, बाहेर विकत नाहीत. आणि एखादा घटक हजारात अर्धा भाग असला तरी वास त्याच्यावर फिरू शकतो. यादी नव्वद टक्के जुळली म्हणून वास नव्वद टक्के जुळतो असं होत नाही. उलटही होतं: यादी बरीच वेगळी असून चार फुटांवरून दोन अत्तरं भाऊ-भाऊ वाटतात.

शिवाय ‘तोच’ म्हणजे कोणता अव्हेंटस? त्याच्या वेगवेगळ्या बॅचमध्ये धूर जास्त की फळ जास्त यावर शौकिनांचे वाद वर्षानुवर्षं चालू आहेत. तळाच्या ओकमॉसवरही बंधनं वाढत गेली. त्यातल्या अॅट्रॅनॉल आणि क्लोरोअॅट्रॅनॉल या अॅलर्जी करणाऱ्या घटकांवर युरोपने 2017 च्या नियमाने बंदी आणली, तेव्हा ओकमॉस वापरणाऱ्या सगळ्यांनाच आपापले फॉर्म्युले तपासावे लागले. मूळ वासच जागेवर स्थिर नाही, तर टक्केवारी कशाची काढायची?

क्लब द नुई इंटेन्स मॅनबद्दल सांगते, कारण तुमचा मुख्य प्रश्न त्याचाच आहे. आरमाफ हा संयुक्त अरब अमिरातीतल्या स्टर्लिंग परफ्यूम्सचा ब्रँड. हे अत्तर 2015 चं. आम्ही दोन अत्तरं समोरासमोर ठेवतो तेव्हा कागदाच्या पट्ट्यांवर पेन्सिलने फक्त खुणेची अक्षरं लिहितो, नाव नाही. टोकावर एकेक स्प्रे मारून स्टँडला लावून ठेवतो आणि ठरावीक वेळाने परत येऊन हुंगतो. या दोघांची अशी जोडी लावली तर पहिल्या पाच मिनिटांत कोणीही ओळखेल. आरमाफची पट्टी लिंबाचा भपका मारते, भांडी घासायच्या साबणातल्या लिंबासारखा, टोकदार, नाकाच्या वरच्या भागात जाणारा. त्याच्या मागे लगेच धूर. अव्हेंटसची पट्टी त्या वेळी रसाळ, गोल, शांत असते. अर्ध्या तासाने आरमाफचं लिंबू खाली बसतं, अननस दिसायला लागतो, पण धूर अजून जरा खरखरीत, अंगावर येणारा. दोन तासांनी दोन्ही पट्ट्या जवळ आलेल्या असतात. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेत आल्यावर त्याच पट्ट्या उचलल्या तर चांगलं तयार नाकही जरा थांबतं. तेव्हा आरमाफची पट्टी बऱ्याचदा जास्त जोरकस असते, अव्हेंटसची जास्त स्वच्छ.

म्हणजे तुमच्या बाबतीत हिशेब असा: साखरपुड्यात तुम्हाला लागला तो दोन-तीन तासांनंतरचा वास, आणि ही दोन अत्तरं नेमकी त्याच वेळेपासून एकमेकांच्या जवळ येतात. फक्त पहिली वीस मिनिटं तुम्हाला सोसावी लागतील. त्यावर उपाय सोपा आहे. अंघोळीनंतर लगेच लावा, मग चहा-नाश्ता, बूट, डबा. स्टेशनला पोचाल तोवर भपका ओसरलेला असेल.

काही जण सांगतात की नवी बाटली थोडी मारून दोन-तीन महिने कपाटात ठेवून द्या, मग मुरते. बाटली वापरात आल्यावर सुरुवातीचा कडकपणा थोडा कमी होतो हे मलाही जाणवलंय. पण त्यातला बराच भाग नाकाला सवय झाल्याचाही असतो. मुरवायचं काम कारखान्यात भरण्याआधी होत असतं. तुम्ही वाट बघत बसू नका, आणलीत की वापरायला लागा.

आता पैशांचं. एका स्प्रेत साधारण 0.1 मिली जातं. तीस हजारांची शंभर मिली बाटली धरली तर एक मिली तीनशे रुपये, एक स्प्रे तीस रुपये. रोज चार स्प्रे म्हटले तर रोजचे एकशे वीस. आरमाफची बाटली 105 मिलीची. ती तीन हजारांच्या आसपास मिळाली तर एक स्प्रे तीन रुपयांच्याही आत, दिवसाला अकरा-बारा रुपये. किमती वर-खाली होत राहतात, पण दहापटीचा फरक काही जात नाही. आणि हा दहापट फरक मालाचा नसतो. चांगलं बर्गमॉट, चांगलं पॅचौली यांचा फरक खरा आहे, पण तीस हजारांत मोठा वाटा ब्रँड, दुकानातली जागा, जाहिरात, आयात शुल्क आणि मधल्या हातांचा. क्रीड आता कुटुंबाची कंपनी राहिलेली नाही. 2023 साली केरिंग या फ्रेंच उद्योगसमूहाने ती विकत घेतली, आणि तिच्या किमतीत ते सगळंही आलंच. मी हे महागडं अत्तर वाईट आहे असं म्हणत नाही. पहिल्या तासाभराचा अव्हेंटस मला आजही फार सुंदर वाटतो. पण लोकलच्या गर्दीत रोज एकशे वीस रुपये उडवण्यासारखी ती वस्तू नाही.

माझं उत्तर बदलू शकतं अशा काही गोष्टी आहेत, त्याही सांगायला हव्यात.

पहिली म्हणजे, तुम्हाला खरंच ड्रायडाउनच आवडलाय का, हे मी तुमच्या वर्णनावरून धरून चालले आहे. खात्री करून घ्या. मॉलमधल्या काउंटरवर जाऊन अव्हेंटस एका मनगटावर मारून घ्या. विकत घ्यायची सक्ती कोणी करत नाही, संकोच करू नका. मग तिथून निघा. लगेच ठरवू नका. तासाने, तीन तासांनी, रात्री झोपताना हुंगा. पहिल्या दहा मिनिटांतला रसाळ अननस तुम्हाला वेड लावत असेल आणि नंतरचा वास ‘ठीक आहे’ वाटत असेल, तर आरमाफ घेऊन तुमची निराशा होईल. मग दुसरा मार्ग धरा.

तो दुसरा मार्ग म्हणजे माँ ब्लाँचा एक्स्प्लोरर. हा 2019 चा, ओलिव्हिए पेश्यू, अँत्वान मेझोंदिए आणि जोर्डी फर्नांडिस या तिघांनी मिळून केलेला. याची नक्कल म्हणून गणना होत नाही, आणि ते योग्यच आहे. अव्हेंटसच्या घराण्यातलं हे स्वतंत्र अत्तर आहे. यात अननस जवळजवळ नाही, धूर कमी. बर्गमॉट, व्हेटिव्हर म्हणजे आपला वाळा, पॅचौली आणि भरपूर अंब्रॉक्सान. सुरुवात आरमाफपेक्षा कितीतरी सभ्य. ऑफिससाठी मला हा जास्त पटतो. तुमच्या बजेटच्या थोडा बाहेर जातो, पण सेलमध्ये किंवा छोट्या बाटलीत जमू शकतं. आरमाफपेक्षा हळू बोलतो, टिकतोही थोडा कमी.

अफनानचा सुप्रिमसी सिल्व्हर आणि अल हरमैनचा ल’अव्हेंचर हेही याच वाटेवरचे. सुप्रिमसी सिल्व्हरमध्ये फळ जास्त, धूर कमी. ल’अव्हेंचर लिंबाकडे झुकणारा. दोन्ही वाईट नाहीत, हुंगून आवडले तर खुशाल घ्या. पण ड्रायडाउनसाठी माझी पसंती आरमाफलाच.

दुसरी गोष्ट हवा. एप्रिल-मेच्या मुंबईत दमट उकाड्यात वास जास्त फुगतो आणि लवकरही उडतो. विदर्भातल्या कोरड्या उन्हात तर अजून भरभर उडतो. आरमाफसारखं जोरकस अत्तर अशा हवेत शेजाऱ्याला त्रास देऊ शकतं. 8.12 च्या फास्टमध्ये तुमच्या छातीला लागून उभ्या असलेल्या माणसाला पळता येत नाही, त्याचा विचार करा. उन्हाळ्यात दोन स्प्रे, पावसाळ्यात आणि थंडीत तीन-चार. गळ्यासमोर मारू नका, मानेच्या मागे आणि शर्टाच्या आत छातीवर मारा.

तिसरी गोष्ट तुमचं नाक, आणि इथे तुमच्या ‘तासाभरात उडाला’ या तक्रारीकडे वळते. तो वास खरोखर उडाला की तुम्हालाच येईनासा झाला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सतत सोबत असलेला वास मेंदू बाजूला टाकतो. अंब्रॉक्सान आणि काही मस्कच्या बाबतीत तर हे फारच होतं. काही माणसांना काही मस्क जन्मतःच येत नाहीत, आणि यात आजार वगैरे काही नाही. मला अशी कितीतरी माणसं भेटलीत जी ‘टिकत नाही’ म्हणून दुपारी पुन्हा मारतात आणि बाजूच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचं डोकं दुखतं. तपासायची पद्धत सोपी आहे. सकाळी एका धुतलेल्या सुती रुमालावर एक स्प्रे मारा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा, संध्याकाळी बाहेरच्या मोकळ्या हवेत जाऊन आल्यावर उघडा. वास असेल तर अत्तर टिकतंय, नाक थकलंय. घरच्यांना विचारा, तेही खरं सांगतील.

टिकण्यासाठी आणखी थोडं. कोरड्या त्वचेवर अत्तर लवकर विरतं, तेव्हा आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा अगदी थोडी व्हॅसलिन लावा. खोबरेल नको, त्याचा स्वतःचा वास मध्ये येतो. कापडावर त्वचेपेक्षा जास्त टिकतं, कारण कापड थंड असतं. पण पांढऱ्या शर्टावर पिवळट डाग पडू शकतात, म्हणून आतून किंवा बनियनवर मारा. बाटली बाथरूममध्ये, खिडकीत किंवा बाइकच्या डिकीत ठेवू नका. कपाटात, तिच्या खोक्यात ठेवा. बाटलीवरच्या ईडीटी (ओ द त्वालेत), ईडीपी (ओ द पार्फां) या शब्दांवर फार जाऊ नका. ईडीपीत साधारणपणे तेलाचं प्रमाण जास्त असतं, पण त्याची कायद्याने बांधलेली व्याख्या नाही. आरमाफची ही बाटली ईडीटी लिहिलेली असूनही बऱ्याच ईडीपींपेक्षा जास्त टिकते, कारण तिच्या तळात जड माल भरपूर आहे.

‘फर्स्ट कॉपी’बद्दल मात्र मी कडक बोलणार आहे. पर्याय आणि बनावट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आरमाफ स्वतःच्या नावाने, स्वतःच्या बाटलीत, स्वतःचा पत्ता लिहून माल विकतो. फर्स्ट कॉपीवाला क्रीडचं नाव आणि बाटली चोरतो, आणि आत काय आहे ते कोणी कुठे लिहिलेलं नसतं. ‘टेस्टर पीस आहे’, ‘कस्टम्सचा माल आहे’, ‘दुबईहून भावाने आणलाय’ ही वाक्यं ऐकलीत की पुढे चालू लागा. हे मी फक्त पैशांसाठी सांगत नाही. थंड दाबाने काढलेल्या बर्गमॉटमध्ये बर्गाप्टेन नावाचा घटक असतो. तो त्वचेवर राहिला आणि ऊन लागलं तर काळे डाग पडतात, ते महिनोन्महिने जात नाहीत. जबाबदार कंपन्या बर्गाप्टेन काढलेलं तेल वापरतात किंवा प्रमाण मर्यादेत ठेवतात. बनावट बाटली भरणाऱ्याला याचं काही देणंघेणं नसतं.

मोहम्मद अली रोडवर किंवा तुमच्या गावच्या अत्तरवाल्याकडे ‘अव्हेंटस टाइप’ तेल मिळतं, तेही तुम्ही ऐकलं असेल. यात चांगलं आणि टाकाऊ दोन्ही मिळतं, सगळं दुकानदारावर आहे. मुंबईत सुगंधाचा धंदा जुना आहे, एस. एच. केळकर अँड कंपनी 1922 पासूनची आहे. त्यामुळे इथे चांगलं कंपाउंड मिळत नाही असं अजिबात नाही. पण तेच कंपाउंड दुकानात येऊन डीपीजी नावाच्या बिनवासाच्या द्रावाने किंवा दुसऱ्या कशाने किती पातळ केलंय, ते तुम्हाला दिसत नाही. तेलात स्पिरिट नसल्यामुळे ते अंगालगत राहतं, दरवळ कमी पसरतो. तुम्हाला तर दरवळच आवडलाय. त्यामुळे तुमच्यासाठी तो मार्ग मी सुचवत नाही. घेतलंतच तर दुकानदाराला पट्टीवर न लावता तुमच्या हातावर लावायला सांगा, कोपराच्या आतल्या बाजूला, आणि दुसऱ्या दिवशी लाली-खाज नसेल तरच बाटली घ्या.

चोरीच्या मालाबद्दल तुम्ही विचारलंत, ते मला मनापासून आवडलं. कायदा सांगायचा तर बहुतेक ठिकाणी नाव, लोगो, बाटलीचा आकार यांना संरक्षण असतं, वासाला नाही. 2006 सालच्या जूनमध्ये एकाच आठवड्यात युरोपात दोन उलट निकाल लागले. फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने अत्तराच्या वासाला कॉपीराइट नाकारला, तर नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने लँकोमच्या ट्रेझोर या अत्तराला तो दिला. नंतर 2009 मध्ये लॉरिआल विरुद्ध बेल्युर या खटल्यात युरोपीय न्यायालयाने ‘आमचं अमुक म्हणजे त्यांचं तमुक’ अशा तुलना-याद्या छापून विकायला आक्षेप घेतला. वास सारखा असण्यापेक्षा दुसऱ्याच्या नावाचा फायदा उकळणं हा तिथला मुद्दा होता.

कायद्याच्या बाहेर बघितलं तर अत्तरांचा इतिहासच एकमेकांकडून घेत पुढे आलाय. हुबिगाँचं फुजेर रॉयाल 1882 चं. त्या एका अत्तरावरून फुजेर हे आख्खं घराणं उभं राहिलं, आणि आपल्या आजोबांच्या दाढीच्या क्रीमपर्यंत पोचलं. खुद्द क्रीडचं ग्रीन आयरिश ट्वीड 1985 चं आणि डेव्हिडॉफचं कूल वॉटर 1988 चं. त्यांचं साम्य जगजाहीर आहे, आणि कूल वॉटर लावून आपल्याकडची एक पिढी कॉलेजला गेली. कोणी त्यांना चोर म्हटलं नाही. माझी रेघ मी इथे ओढते: दुसऱ्याचं नाव वापरून विकलं तर चोरी, स्वतःच्या नावावर सारखं केलं तर धंदा. मूळ परफ्युमरच्या कल्पनेचं श्रेय मात्र त्याला द्यायला हवं. कोणी नाव विचारलं तर ‘अव्हेंटस लावलाय’ न सांगता ‘आरमाफचा आहे’ असं सरळ सांगा. लोक उलट आनंदाने लिहून घेतात.

पैसे साठवून खरा घेण्याबद्दल इतकंच म्हणेन की आत्ता नको. आरमाफची बाटली वर्षभर वापरा. तेवढ्यात हा वास तुम्हाला रोज सोबत हवासा वाटतोय की कंटाळा आला, ते कळेल. वर्षाने अजूनही ओढ असली तर ओळखीतल्या, खरी बाटली ज्याच्याकडे आहे अशा माणसाकडून पाच-दहा मिली मागून घ्या, पैसे देऊन. दहा मिलीत शंभरेक स्प्रे होतात. लग्नसमारंभापुरते वापरले तर खूप दिवस पुरतात.

खरेदी करताना एक गोष्ट नीट बघा. क्लब द नुई या नावाने आरमाफ बरीच अत्तरं विकतो. नुसता क्लब द नुई मॅन वेगळा. सियाज हा क्रीडच्याच सिल्व्हर माउंटन वॉटरच्या वाटेने जाणारा, माइलस्टोन हा क्रीडच्या मिलेसिम इंपेरियालच्या, तर आयकॉनिक हा ब्लू द शानेलच्या. ‘इंटेन्स मॅन’ हे दोन शब्द खोक्यावर असायलाच हवेत. काळी बाटली, 105 मिली. त्याचंच पार्फां स्वरूपही मिळतं, ते सुरुवातीला जास्त मऊ आहे पण महाग पडतं. खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि आयात नोंदणी क्रमांक छापलेला बघा, आणि खोक्याखालचा बॅच क्रमांक बाटलीच्या बुडाशी असलेल्या क्रमांकाशी जुळवून पाहा. हे जुळत नसेल तर दुकान कितीही ओळखीचं असो, परत करा. आरमाफचीही बनावट बाटली आता बाजारात आली आहे.